यलोत आहे का ग्रीनमध्ये? नगररचनाकाराचं काम आणि त्यातल्या नोकऱ्या

गावाकडे जमिनीचा विषय निघाला की पाणी किती, वाट कुठून, हे प्रश्न हल्ली मागे पडलेत. पहिला प्रश्न असतो, "यलोत आहे का ग्रीनमध्ये?" यलो म्हणजे रहिवास विभाग आणि ग्रीन म्हणजे शेती विभाग. सरकारी नकाशात ते या रंगांनी दाखवतात, म्हणून एजंटापासून आजोबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी रंगच बसलेत. एकाच बांधाच्या अलीकडची जमीन गुंठ्याच्या भावाने विकली जाते आणि पलीकडची एकराच्या. मध्ये असते ती फक्त नकाशावरची एक रेघ.

ती रेघ ओढणाऱ्या लोकांमध्ये मी गेली काही वर्षं काम करते. माझी आई नातेवाइकांना सांगते, "नकाशे काढते ती." मी दुरुस्त करत नाही, कारण दुरुस्त करायला बसलं तर चहा गार होतो. पण दर वर्षी बारावीचा निकाल लागला की ते समजावून सांगावंच लागतं. यंदा खालच्या मजल्यावरचा मुलगा आला. गणित बरं आहे, चित्रकला बरी आहे, इंजिनीअरिंगचा कंटाळा. "मावशी, टाउन प्लॅनिंगला स्कोप आहे का?"

स्कोपचं उत्तर आहे, पण ते आधी सांगून उपयोग नाही. काम काय आहे ते कळल्याशिवाय ते आपल्याला झेपेल का, हे कोणालाच ठरवता येत नाही. म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

समजा पन्नास हजार वस्तीचं एक तालुक्याचं गाव आहे, नगरपरिषद असलेलं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा आपल्या धंद्याचा मूळ कायदा. सगळे त्याला एमआरटीपी म्हणतात. या कायद्यानुसार नगरपरिषदेने गावाची विकास योजना करायची, म्हणजे डीपी, आणि साधारण वीस वर्षांनी ती नव्याने तपासायची. पुढच्या वीस वर्षांत गाव कुठे, किती आणि कसं वाढेल याचा तो आराखडा.

पहिलं काम लोकसंख्येचा अंदाज. मागच्या जनगणना, आसपासचे कारखाने, नवा महामार्ग, पोरं गावात राहतात का पुण्याला जातात, हे सगळं बघून समजा वीस वर्षांनी नव्वद हजार लोक होतील असं निघालं. केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की साधारण दर पाच हजार लोकांमागे एक प्राथमिक शाळा हवी. नव्वद हजारांना अठरा. आज अकरा आहेत, म्हणजे सात कमी. एका शाळेला साधारण एक एकर धरली तर सात एकर जमीन फक्त प्राथमिक शाळांसाठी. मग माध्यमिक शाळा, दवाखाना, मंडई, मैदान, स्मशानभूमी, पाण्याची टाकी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, बस स्थानक. प्रत्येकाचा असाच हिशोब.

इथपर्यंत कॅल्क्युलेटर पुरतो. खरा प्रश्न पुढे येतो: त्या सात एकर कोणाच्या? आधी सरकारी जमीन आणि गायरान शोधायचं. ते बहुतेक वेळा गावाच्या अशा टोकाला असतं, जिथे सहा वर्षांचं पोरगं चालत जाऊ शकणार नाही. मग खासगी जमिनीकडे वळावं लागतं. सर्व्हे नंबर १४ मध्ये शाळा टाकली तर १४ चा मालक वीस वर्षं तुम्हाला शिव्या देणार. सर्व्हे नंबर १५ मध्ये टाकली तर १५ चा. नकाशावर हे दोन्ही गट सारखेच दिसतात. म्हणून नकाशा बाजूला ठेवून जागेवर जायचं.

या जागेवर जाण्याला 'विद्यमान जमीन वापर सर्वेक्षण' असं भारदस्त नाव आहे. प्रत्यक्षात ते असं असतं: डोक्याला रुमाल, हातात टॅब, टॅबवर उपग्रहाच्या चित्रावर गावाच्या गटांच्या रेषा, आणि मागे लागलेली कुत्री. दर इमारतीला विचारायचं, खाली काय, वर काय. खाली पिठाची गिरणी, वर घर असेल तर मिश्र वापर. वरून बघितलं तर पत्र्याचं छप्पर ते पत्र्याचं छप्पर. तो गोठा आहे का भंगाराचं गोदाम का लेथ मशीनचं वर्कशॉप, हे उपग्रहाला कळत नाही. मला ते दारात पोचायच्या आधी वासावरून कळतं. शेती म्हणून नोंद असलेल्या जागेत मंगल कार्यालय आणि मंगल कार्यालय म्हणून नोंद असलेल्या जागेत सोयाबीन, असं दोन्ही मी बघितलंय.

हे सर्वेक्षण कच्चं राहिलं तर काय होतं ते मुंबईने दाखवलं. मुंबईच्या विकास योजनेचा मसुदा २०१५ च्या सुरुवातीला जाहीर झाला. त्यात उभ्या इमारतींमधून रस्ते गेले होते, वारसा वास्तू वारसा म्हणून दिसत नव्हत्या, एका वापराची जागा दुसऱ्याच वापराची म्हणून रंगली होती. हजारो हरकती आल्या आणि दोन-तीन महिन्यांत तो मसुदा गुंडाळावा लागला. सुधारलेला मसुदा २०१६ मध्ये आला आणि योजना मंजूर व्हायला २०१८ उजाडलं. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने ते प्रकरण एकदा तरी वाचावं. तिथली बरीचशी चूक सिद्धान्ताची नव्हती, चालण्याची होती.

मसुदा तयार झाला की तो लोकांसमोर ठेवतात. तीस दिवसांत हरकती आणि सूचना द्यायच्या. मग लोकप्रतिनिधी आणि बाहेरचे जाणकार यांची नियोजन समिती बसते, आणि हरकत घेणाऱ्याला समोर बोलावून ऐकते. त्याला म्हणतात सुनावणी. नगररचनाकाराचं काम मला विचाराल तर निम्मं इथे आहे.

माझ्या सुरुवातीच्या एका सुनावणीत एक आजोबा आले. सातबारा लॅमिनेट केलेला. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, हा तुमचा बारा मीटरचा रस्ता माझ्या विहिरीवरून जातोय."

मी म्हटलं, "काका, नकाशात इथे विहीर नाही दिसत."

"नकाशात नसेल. पाणी आहे तिच्यात."

त्यांनी सातबारा पुढे सरकवला. बाराच्या नोंदीत सिंचनाचं साधन म्हणून विहीर चक्क लिहिलेली होती. सर्वेक्षणात आमच्या माणसाने टिपलीही होती. विहिरींची माहिती मूळ नकाशावर चढवताना त्या पट्ट्यातली फाइल जोडायची राहिली होती. जोडायचं काम माझं होतं. मी काही बोलले नाही, मान खाली घालून नोंद घेतली. समितीने रस्ता थोडा सरकवायची शिफारस केली. महिनाभरात त्यांचा शेजारी ऑफिसात हजर. "त्यांची विहीर वाचवली, ते बरं केलं. माझ्या चिंचेचं काय?"

चिंच शंभर वर्षांची होती. त्या वळणावर दोन्ही वाचवणं शक्य नव्हतं. कॉलेजात याचं उत्तर शिकवत नाहीत, आणि ज्याला असं उत्तर नसलेल्या खोलीत रोज बसवणार नाही त्याने या वाटेला न आलेलं बरं, असं मी त्या मुलालाही स्पष्ट सांगितलं.

रेघ ओढली म्हणजे रस्ता झाला असं नाही

आरक्षण टाकणं, म्हणजे नकाशात जागा शाळा-बागेसाठी राखून ठेवणं सोपं, ती ताब्यात घेणं महाग. नगरपरिषदेकडे सात शाळांच्या सात एकर विकत घेण्याइतके पैसे नसतातच. मग मालक अडकतो: बांधकाम करता येत नाही, विकायला गेलं तर कोणी घेत नाही. यावर कायद्यात कलम १२७ आहे. अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं आणि जमीन मोकळी. पूर्वी ही मुदत याहून कमी होती, २०१५ च्या दुरुस्तीने ती चोवीस महिने झाली. 'एकशे सत्तावीस लावला' हा आमच्या धंद्यातला रोजचा वाक्प्रचार आहे. वकील तो आनंदाने म्हणतात, मुख्याधिकारी कपाळाला हात लावून.

पैशांऐवजी द्यायचा दुसरा मार्ग टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क. जमीन द्या, बदल्यात दुसरीकडे जास्त बांधायचा हक्क घ्या, आणि तो हक्क बिल्डरला विका. मोठ्या शहरात याला भाव मिळतो. तालुक्याच्या गावात चटई क्षेत्राची, म्हणजे बांधता येणाऱ्या क्षेत्राची, एवढी मारामारीच नसते, त्यामुळे तो कागद मालकाच्या कपाटात पडून राहतो.

तिसरा मार्ग मला स्वतःला सर्वांत आवडतो: नगररचना परियोजना, बोलीभाषेत टीपी स्कीम. पुण्यात प्रभात रोड-भांडारकर रोडकडच्या जुन्या बंगल्यांच्या कागदांवर 'एफपी नंबर' असतो, मुंबईत माहीम-दादरकडेही 'टीपीएस' आणि 'फायनल प्लॉट' असे शब्द दिसतात. तो या जुन्या स्कीमचा शिक्का. मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा १९१५ मध्येच झाला होता, देशातला अशा प्रकारचा पहिला. त्याच्याच आगेमागे पॅट्रिक गेडीस हा नगररचनेचा अभ्यास करणारा स्कॉटिश गृहस्थ इलाख्यातली गावं पायी हिंडत होता. १९१९ मध्ये तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायला लागला. समाजशास्त्र, स्थापत्य नव्हे. हे मी प्रत्येक सिव्हिलवाल्या मित्राला ऐकवते.

स्कीम चालते कशी? कोणाचीही सगळी जमीन कायमची काढून घ्यायची नाही. पंचवीस-तीस मालकांचे वेडेवाकडे, नदीकाठी निमुळते होणारे, वाटच नसलेले गट कागदावर एकत्र करायचे. त्यातून रस्ते, बागा, शाळेची जागा काढायची आणि उरलेली जमीन नीट चौकोनी, रस्त्यालगतच्या प्लॉटच्या रूपात त्याच मालकांना परत द्यायची. समजा एकाचे चाळीस गुंठे गेले आणि बावीस गुंठे परत आले. ऐकून कोणाचंही डोकं फिरेल. पण आधी तिथे गुंठा पाच लाखांचा होता, म्हणजे चाळीस गुंठ्यांचे दोन कोटी. रस्ता, ड्रेनेज, पाणी आल्यावर गुंठा बारा लाख झाला तर बावीस गुंठ्यांचे दोन कोटी चौसष्ट लाख. वाढलेल्या किमतीच्या निम्म्यापर्यंतचा वाटा सुधारणेच्या खर्चापोटी मालकाकडून घेता येतो, तरी तो तोट्यात जात नाही. हा हिशोब मालकाला खुर्चीत बसवून, गुंठ्यात, त्याच्याच गटाच्या आकड्यांनी समजावावा लागतो. हेक्टरमध्ये बोललात की तो उठून जातो.

उलट उदाहरण नवी मुंबईचं. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली आणि १९७० मध्ये ते वसवायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिथे जमीन सरळ संपादनाने घेतली. १९८४ मध्ये जासई परिसरात शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, माणसं गेली. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा परत देण्याची योजना नंतर आली. नगररचनेच्या वर्गात नवी मुंबईचे नोड, स्टेशन आणि सेक्टर दाखवतात. जासईही दाखवावं.

आणखी बरंच काम आहे. नदीकाठच्या पूररेषा घ्या: निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत साधारणपणे नवं बांधकाम नाही, दोन्हींच्या मध्ये अटींवर. कोल्हापूर-सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ ही तीन सालं बघितल्यावर या रेषा कुठे धरायच्या हा तिथला सर्वांत तापलेला विषय झाला. रेडी रेकनरचे, म्हणजे जमिनीच्या सरकारी बाजारमूल्याचे, दर ठरवण्यातही नगररचनाकार असतात. राज्याच्या खात्याचं नावच मुळी 'नगररचना आणि मूल्यनिर्धारण' असं आहे, आणि मूल्यनिर्धारण म्हणजे सरकारी कामासाठी जमिनीची किंमत काढणं. बहुतेक विद्यार्थ्यांना खात्याच्या नावातला हा दुसरा शब्द नोकरी लागल्यावर कळतो.

गोव्यात हे काही समजावून सांगावं लागत नाही. तिथे खात्याचं नाव 'टाउन अँड कंट्री प्लॅनिंग', आणि टीसीपी हा शब्द वर्तमानपत्रात जवळजवळ रोज असतो. २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा लोक रस्त्यावर आल्यामुळे सरकारला २००७ मध्ये मागे घ्यावा लागला. झोन बदलला म्हणजे डोंगराला काय होतं हे गोव्यातल्या माणसाला आपल्यापेक्षा आधी कळलंय.

नोकरी देतं कोण

सगळ्यांत आधी राज्याचं खातं. मुख्यालय पुण्यात, जिल्ह्याजिल्ह्यांत शाखा. खालून वर शिडी साधारण अशी: अनुरेखक, रचना सहायक, सहायक नगर रचनाकार, नगर रचनाकार, सहायक संचालक, उपसंचालक, सहसंचालक, संचालक. अनुरेखक म्हणजे नकाशे काढणारा आणि जोडणारा माणूस. बारावी आणि आयटीआयचा आरेखकाचा कोर्स अशा वाटेने तिथे पोचता येतं. रचना सहायकाला स्थापत्याची तीन वर्षांची पदविका चालते, वेतनश्रेणी ३८,६०० ते १,२२,८०० रुपये. या दोन पदांची भरती खातं परीक्षा घेऊन करतं. सहायक नगर रचनाकार आणि नगर रचनाकार ही पदं एमपीएससीतून भरतात.

महापालिकांचे नगररचना आणि बांधकाम परवानगी विभाग ही दुसरी जागा. तिथे प्रमुखपदी पुष्कळदा राज्याच्या खात्यातलाच अधिकारी प्रतिनियुक्तीवर असतो. मग प्राधिकरणं: एमएमआरडीए, पीएमआरडीए, सिडको, म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, एमआयडीसी. मेट्रो कंपन्यांना वाहतूक नियोजनातली माणसं लागतात.

खासगी बाजूला सल्लागार कंपन्या आहेत. माझी नोकरी त्यातलीच. नगरपरिषदांच्या योजनांची जीआयएसची (संगणकावर माहिती जोडलेल्या नकाशांची) कामं, वाहतूक आराखडे, पर्यावरण परवानगीचे अहवाल तिथे होतात. बिल्डरांकडेही नगररचनाकार लागतात. कोणत्या प्लॉटवर नियमात किती बांधता येईल हे काढायला, आणि खरं सांगायचं तर फाइल कुठल्या टेबलावर अडकली आहे हे बघायला. त्या दुसऱ्या कामाला 'लायझनिंग' म्हणतात. पगार बरा असतो. मला जमलं नाही, पण त्यात प्रामाणिकपणे काम करणारे माझे मित्र आहेत. मुंबई आणि काही भाग वगळता राज्यभर २०२० च्या डिसेंबरपासून एकच नियमावली लागू आहे, एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर. ती ज्याला पाठ आहे तो उपाशी मरत नाही.

खेड्यांकडे मात्र या विषयातली मुलं बघतच नाहीत, हे मला खटकतं. गावठाणं भरून वाहताहेत. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या पट्ट्यात बिनशेतीची प्रक्रिया सोपी केली गेली, घरं झपाट्याने उठली, पण तिथे गटार कुठून न्यायचं हे कोणी ठरवलेलं नसतं. ग्रामसेवकाला विचारावं तर त्याच्याकडे आधीच चौदा योजना. हे काम पडून आहे आणि पुढेही वाढणारच आहे.

शिक्षण कुठून, कसं

बी.प्लॅन ही चार वर्षांची पदवी. केंद्राच्या संस्थांत प्रवेशाला जेईई मेनचा पेपर '२ बी' द्यावा लागतो. त्यात गणित, अभिरुची आणि नियोजनावरचे प्रश्न असतात. बारावीला गणित हवं. फिजिक्स-केमिस्ट्री असायलाच हवं असं नाही, म्हणजे गणित घेतलेली कॉमर्स किंवा आर्ट्सची मुलगीही बसू शकते. हे कोणत्याच क्लासच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात नसतं, म्हणून इथे लिहिलं. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाड्याच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर या केंद्राच्या संस्था, अहमदाबादची सेप्ट ही जुनी आणि नावाजलेली. पुण्याच्या सीओईपीमध्ये प्लॅनिंगची पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण दोन्ही आहे.

दुसरी वाट मागून येण्याची. सिव्हिल किंवा आर्किटेक्चर करायचं, गेट द्यायची आणि दोन वर्षांचं एम.प्लॅन किंवा तत्सम करायचं. नागपूरच्या व्हीएनआयटीत अर्बन प्लॅनिंगचं एमटेक आहे, खरगपूर आणि रुडकीच्या आयआयटींमध्येही असे अभ्यासक्रम आहेत. काही एम.प्लॅन अभ्यासक्रमांना भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांचे पदव्युत्तर विद्यार्थीही घेतात. धोरणाची आवड असेल तर मुंबईच्या टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) शहरी धोरण आणि प्रशासनाचा अभ्यासक्रम बघा.

आता एक तक्रार, आणि ती तुम्ही प्रवेशाआधी ऐकलेली बरी. आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आहे, नोंदणी करणारी परिषद आहे. नगररचनाकारासाठी तसा कायदाही नाही, परिषदही नाही. इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स, इंडिया ही १९५१ पासूनची व्यावसायिक संस्था आहे आणि तिच्या सदस्यत्वाला मान आहे, पण ती कायद्याने स्थापन झालेली परिषद नव्हे. त्यामुळे देशात बऱ्याच ठिकाणी नगररचनाकाराच्या पदासाठी नगररचनेची पदवी आवश्यक धरलेलीच नसते. सिव्हिलवाला चालतो, आणि कधी कधी नेमका प्लॅनिंगवालाच जाहिरातीत बसत नाही. नीती आयोगाने २०२१ च्या अहवालात हे सरळ लिहिलंय. त्याच अहवालात आकडे आहेत: देशात बारा हजारांवर नगररचनाकार हवेत, राज्यांच्या खात्यांत मंजूर पदं चार हजारांहूनही कमी, आणि त्यातली ४२ टक्के रिकामी.

हे आकडे क्लासवाले 'प्रचंड संधी' म्हणून दाखवतात. मी ते जपून वाचते. गरज आहे म्हणजे पद मंजूर आहे असं नाही, पद मंजूर आहे म्हणजे भरती निघेल असं नाही, आणि भरती निघाली म्हणजे तुमची पदवी तिच्यात बसेल असंही नाही. म्हणून पहिल्या वर्षीच एमपीएससीच्या जुन्या जाहिराती काढा आणि शैक्षणिक अर्हतेचा परिच्छेद दोनदा वाचा. ज्यांचा डोळा फक्त सरकारी नोकरीवर आहे, त्यांना मी आधी सिव्हिल आणि मग एम.प्लॅन असंच सुचवते, कारण दोन दारं उघडी राहतात. ज्यांना विषयच हवा आहे त्यांनी बी.प्लॅन करावं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं खासगीतला पगार आयटीतल्या मित्राला सांगावा असा नसतो. नंतर जीआयएस, वाहतूक किंवा नियमावली यांपैकी एकात हात बसला की परिस्थिती सुधारते.

काय शिकून ठेवावं? क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आजच उतरवून घ्या. ऑटोकॅड येतंच. पण माझ्या ऑफिसात नवं कोणी आलं की मी पहिल्या आठवड्यात त्याला सॉफ्टवेअर विचारत नाही. सातबारा, आठ-अ, फेरफार आणि मोजणीची क प्रत हे जमिनीचे कागद पुढे ठेवते आणि वाचायला सांगते. चांगल्या संस्थेतून सुवर्णपदक घेऊन आलेली मुलं 'पोटखराबा' (लागवडीला न येणारी जमीन) या शब्दाला अडखळतात. चावडीवर वाढलेली मुलं तो सहज वाचतात आणि मग लेयर, बफर हे नकाशाच्या सॉफ्टवेअरमधले शब्द आठवडाभरात शिकतात. हा एक फायदा गावाकडच्या मुलांना आहे, आणि तो त्यांना कोणी सांगत नाही.

खालच्या मजल्यावरच्या त्या मुलाला मी एक गृहपाठ दिला होता. आपल्या भागाचा मंजूर डीपी महापालिकेच्या संकेतस्थळावरून काढायचा, आपली सोसायटी त्यात शोधायची, आणि नकाशा हातात घेऊन चारही बाजूंनी पायी फिरून यायचं. चार दिवसांनी तो जिन्यातच भेटला, चेहरा पडलेला.

"मावशी, आम्ही क्रिकेट खेळतो ना, ते ग्राउंड नाहीचे."

"मग काय आहे?"

"भाजी मंडईचं आरक्षण. आणि जागा कोणा खासगी मालकाची. म्हणजे मंडई होणार का तो मालक बिल्डिंग बांधणार?"

मी त्याला विचारलं, "योजना मंजूर कधी झाली ते बघितलंस?"

तो तसाच पायरीवर बसला आणि मोबाइल काढून शोधायला लागला.